औषधाची सहा पोती

सोमवार, ६ जून १९९४. धुळे

दैनंदिनी पुन्हा सुरू करतोय. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती संक्रांतीपर्यंतही टिकली नाही. या वेळी मात्र कारण भक्कम आहे. माझे मार्गदर्शक डॉ. नेरकर (मुक्काम जळगाव) ३१ डिसेंबरला निवृत्त होतायत. त्याआधी प्रबंध दाखल झाला तर मी डॉ. अभिमन भामरे. नाही झाला तर सात वर्षं पाण्यात, नवा मार्गदर्शक आणि पुन्हा श्रीगणेशा. माझं वय चव्वेचाळीस. माझ्यामागून कॉलेजात लागलेले दोघे डॉक्टर झाले. शिपाईसुद्धा त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणतो आणि मला नुसतं 'सर'.

विषय इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सौ.ने चोरून वाचलं तर तिलाही कळेल. साठवलेल्या शेंगांवर हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही, भाजून जात नाही, शिजवून जात नाही, आणि खाणाऱ्याचं यकृत सावकाश पोखरतं. ओव्याचं तेल ही बुरशी रोखतं, हा माझा शोध. काचेच्या बशीत ते मी सिद्ध केलंय. तेलाच्या थेंबाभोवती बुरशी अशी मागे सरते की पाहत राहावं. पण नेरकर सर म्हणाले, "भामरे, शेतकरी बशीत शेंगा ठेवत नाही. पोत्यात दाखवा."

म्हणून पोती. उन्हाळी भुईमुगाच्या अर्धवट वाळलेल्या शेंगा, बारा लहान पोती. सहांना ओव्याचं तेल चोळलं, वर 'औ' लिहिलं, म्हणजे औषधाची. सहा तशीच ठेवली, त्यांवर 'सा', म्हणजे साधी. कॉलेजच्या कोठारात एन.सी.सी.चे बूट असल्यामुळे शास्त्राला तिथे जागा नाही. बाराही पोती आमच्या मागच्या खोलीत आली.

बुधवार, ८ जून

घरभर ओव्याचा वास. सौ. म्हणते, सगळ्या घराला अपचन झाल्यासारखं वाटतंय. मी म्हणालो, मोठ्या कामाला थोडी कळ सोसावी लागते. त्यावर तिने विचारलं की मोठं काम तुमचं, तर कळ माझी का. मी पोत्यांवरची अक्षरं पुन्हा गिरवायला गेलो.

रविवार, १२ जून

माणूस मिळालं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पोत्यातून शेरभर शेंगा काढायच्या, फोडायच्या आणि दाणे माझ्यापुढे ताटलीत आणून ठेवायचे. मी ते मोजणार, जांभळ्या दिव्याखाली (त्यात विष चमकतं) धरणार आणि तक्त्यात मांडणार. शेंगा फोडणं हे काही संशोधन नव्हे. शिवाय माझ्या अंगठ्याला चीर पडलीय.

बाई सौ.नेच शोधली. बेबाबाई. पांझरा नदीकाठच्या वस्तीत राहते, नवरा वनाभाऊ मार्केट यार्डात हमाल. गल्लीतल्या सगळ्या घरांचं वर्षाचं धान्य तीच निवडते. सौ. म्हणाली, "तिने निवडलेल्या गव्हात खडा दाखवा आणि माझ्याकडून शंभर रुपये घ्या." बाईचा हात इतका चोख आहे म्हटल्यावर मी निश्चिंत झालो.

सूचना मी स्वतः दिल्या. आमचे काही सहकारी अडाणी माणसासमोर शास्त्र झोडतात आणि मग कामाचा विचका होतो. मी साध्या भाषेत सांगितलं: "बेबाबाई, या 'औ'च्या पोत्यांतले दाणे मला नीट पाहिजेत. त्यांच्यावरच माझं सगळं आहे. 'सा'च्या पोत्यांतले कसेही असले तरी चालतील." तिला अक्षर येत नाही, म्हणून औषधाच्या पोत्यांना लाल सुतळी बांधून दिली.

"समजनं सर," ती म्हणाली. "लाल सुतळीवाला नीट पाहिजेत."

दोन वाक्यांत काम झालं.

रविवार, २६ जून

पहिली ताटली. साध्या पोत्यांत शंभर दाण्यांमागे नऊ बुरशीचे. औषधाच्या पोत्यांत एक. मी तीनदा मोजले. चौथ्यांदा सौ.ला मोजायला लावले. एकच.

त्या एका दाण्याकडे बेबाबाई ओशाळून पाहत होती. म्हणाली, "हाऊ कसा राही गया." बिचारी, माझ्या यशात तिचाही जीव गुंतला.

ओव्याचा वास गेला म्हणून सौ. खूश आहे. पंधरा दिवसांत पार उडाला, म्हणते. चला, घरात शांतता.

रविवार, १० जुलै

साध्यात एकवीस, औषधात एकही नाही. शून्य. मी नेरकर सरांना पत्र टाकलं, "निष्कर्ष अपेक्षेबाहेर उत्साहवर्धक." सौ.ला 'अपेक्षेबाहेर' या शब्दावर हसू का आलं, कळलं नाही.

साध्या पोत्यांतले तपासून झालेले दाणे फेकायला मी बेबाबाईला सांगितलंय. बाई स्वच्छतेची मोठी भोक्ती दिसते. मागचा उकिरडा पाहिला, तर दाणा काय, टरफलसुद्धा नाही. टरफलं ती चुलीला नेते, हे तिने विचारून घेतलं होतं. दाण्यांचं तिने विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

शनिवार, १६ जुलै

बेबाबाई आज पोत्यांचं काम नसताना आली होती. सौ.ची डाळ निवडायची होती. बोलता बोलता म्हणाली, "मालक थकी जातस सर. पहिलेसारखं पोतं उचलावस नही."

मी तिला आहाराविषयी चार गोष्टी सांगितल्या. प्रथिनं म्हणजे काय ते सांगितलं. हमालीचं काम, वर नुसती भाकरी आणि मिरची. शक्ती येणार कुठून? म्हटलं, दाणे खायला द्या. शेंगदाणे म्हणजे गरिबाचे बदाम.

तिने मान डोलावली. "दानास्नी चटनी त रोज शे आते," म्हणाली. ऐकून समाधान वाटलं. सल्ला देण्याआधीच पाळला जावा, असं माझ्या आयुष्यात क्वचित घडतं.

रविवार, २४ जुलै

साध्यात चौतीस. औषधात शून्य.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण इंग्रजीत लिहून टंकलेखनाला दिलं: 'यकृतावरील परिणाम'. बावीस पानं. भूक मंदावणं, थकवा, पोटात उजवीकडे जडपणा, डोळे पिवळे होणं. मला वाटतं या प्रकरणात मी विषयाला न्याय दिलाय.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

आकाशवाणी जळगाववर माझं भाषण झालं, 'साठवणुकीतील कवकजन्य विषद्रव्ये आणि वनस्पतिज नियंत्रण'. साडेसात मिनिटं. त्यात मी स्पष्ट सांगितलं की कवकबाधित दाण्यांचा मानवी आहारात अंतर्भाव कटाक्षाने टाळावा. सगळ्या खान्देशाने ऐकलं असेल.

सौ. म्हणाली, "आवाज छान आला. कळलं काही नाही."

बेबाबाईला विचारलं, ऐकलंत का? रेडिओत सेल नव्हते म्हणे. शास्त्र घरोघरी पोहोचत नाही ते असं.

रविवार, ७ ऑगस्ट

साध्यात एक्केचाळीस, औषधात एक.

बेबाबाईने पुढल्या रविवारची सुटी मागितली. कानबाई बसतेय घरी. रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, गहू निवडायचे, दळायचे, आणि देवीला सगळं कसं शुद्ध लागतं ते ती मला सांगत बसली. कणी चालत नाही, किडका दाणा चालत नाही. मी म्हटलं, माझंही काम देवीसारखंच समजा.

"तेच समजस सर," ती म्हणाली. अशी निष्ठा आमच्या पदवीधर विद्यार्थ्यांत आणायची कुठून?

मंगळवार, २३ ऑगस्ट

ताटल्या दोन दिवस उशिरा. वनाभाऊंना कावीळ झाली. बेबाबाईने सांगितलं, "डोया हयदीसारखा पिवया व्हयेल शेतस." मी लगेच विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? नाही. नदीपलीकडच्या एका बाईने डोक्यावर माळ घातली. ती माळ दिवसागणिक लांब होत खाली उतरते आणि कावीळही तिच्याबरोबर उतरते.

या देशाचं कसं होणार? विसाव्या शतकाच्या शेवटी माणसं डोक्यावर माळ घालून यकृत बरं करतायत. मी तिला पंधरा मिनिटं अंधश्रद्धेवर सुनावलं. पाणी उकळून प्या म्हटलं. असल्या वेड्यागबाळ्या उपायांपेक्षा दवाखाना धरा म्हटलं. ती ऐकत ऐकत शेंगा फोडत होती.

साध्यात अठ्ठेचाळीस, औषधात शून्य.

सोमवार, ५ सप्टेंबर

पोळा. कावीळ उतरली म्हणे. माळ पोटापर्यंत आली आणि वनाभाऊ कामावर गेले. मला आनंद झाला, पण श्रेय माळेला गेलं याचं वाईटही वाटलं. उकळलेल्या पाण्याचं कुणी नाव काढलं नाही. बेबाबाईने सांगितलं की आजारात चटणी बंद होती, आता पुन्हा डब्यात देते, "त्यासले चटनीबगर भाकर जास नही."

शुक्रवार, ३० सप्टेंबर

सुरतेच्या प्लेगमुळे शहर घाबरलंय. तिकडून पळून आलेली माणसं एस.टी. स्टँडवर दिसतात. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. कॉलेज अर्धं रिकामं. सप्टेंबरच्या दोन्ही ताटल्यांतही औषधात शून्यच आलं; परवाची २ तारखेची ताटली मात्र या धांदलीत सोडून द्यावी लागणार. अशा वातावरणातही मी पाचवं प्रकरण संपवलं, हे पुढे कुणी तरी नोंदवावं. कुणी नोंदवणार नाही, म्हणून मीच नोंदवतो.

रविवार, १६ ऑक्टोबर

आज शेवटची ताटली. पोती पूर्ण उघडायची आणि मग निष्कर्षाचा सोहळा. आणि आजच बेबाबाई आली नाही. निरोप आला, वनाभाऊंना पुन्हा बरं नाही. दुष्काळात तेरावा महिना.

नेरकर सरांना मंगळवारी आकडे हवेत. म्हणून शेंगा फोडायला मीच बसलो, औषधाच्या पहिल्या पोत्यापासून.

दोनशे दाणे काढले. एकशे चार बुरशीचे.

सुतळी बदलली गेली असेल म्हणून दुसरं पोतं उघडलं. तिसरं. सहाही. हिरवी पूड उडून नाकात गेली. शंभरात पन्नास, बावन्न, सत्तेचाळीस. मग साधी पोती उघडली. तिथेही पन्नास. औषधाचं आणि साधं यांत आई ओळखणार नाही इतका सारखेपणा.

सौ. दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "वास उडाला तेव्हाच मला वाटलं होतं की तेलही उडालं असेल." मी विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाली, "तुम्ही शून्य मोजत होतात."

सोमवार, १७ ऑक्टोबर

मला झोप नाही. तेल उडून जातं, हे मान्य. मग जून ते सप्टेंबर माझे आकडे आले कुठून? सात ताटल्या मी स्वतः मोजल्यात. जांभळ्या दिव्याखाली धरल्यात. मी खोटं लिहिलेलं नाही. निदान एवढं तरी मला माहीत आहे.

बुधवार, १९ ऑक्टोबर

बेबाबाई आली. मी तिला पोत्यांपुढे उभं केलं आणि आवाज शांत ठेवून विचारलं, "औषधाच्या पोत्यांत सडके दाणे निघत होते का?"

"निघेत ना सर. भलता निघेत. साधासना इतलाच."

"मग माझ्या ताटलीत ते कसे नव्हते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारतोय की ताट वाढताना खरकटं का नाही वाढलं. "तुम्हीच त सांगं व्हतं सर, लाल सुतळीवाला नीट पाहिजेत. मंग सडका दाना तुम्हना पुढे कसा ठेवसु? मी बठ्ठा बाजूले काढी ठेवू. साधा तुम्ही सांगं कसाबी चालतीन, म्हनीसन ते तसाच आनी देऊ."

मी खाली बसलो. ती घाबरली. "काही चुकनं का सर?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. खान्देशात कुठल्याही घरी जा, पाहुण्यापुढे न निवडलेला दाणा कुणी ठेवणार नाही. आणि मी गल्लीतली सगळ्यांत चोख निवडणारी बाई शोधून, तिला समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की मला कुठले निवडून हवेत. माझे तक्ते एक ते सात ओव्याच्या तेलाबद्दल काहीही सांगत नाहीत. ते बेबाबाईच्या बोटांबद्दल सांगतात.

सगळा दिवस मला फक्त ३१ डिसेंबर दिसत होता.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

जळगावला जाऊन आलो. नेरकर सरांना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते चहात पाव बुडवत राहिले.

"तुम्ही तिला निवडताना पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मग शास्त्राच्या दृष्टीने ते घडलेलं नाही. सात ताटल्या आहेत, सात तक्ते आहेत. शेवटचं ते ऑक्टोबरचं सोडून द्या. पावसाळा तसाही संपला होता." मग त्यांनी प्रबंध चाळला आणि म्हणाले, "एक गोष्ट राहिलीय. विषारी माल हाताळला म्हणजे नाकारलेले दाणे कसे नष्ट केले, ते एक वाक्य हवं. परीक्षक नेमकं तेच विचारतात. तेवढं घाला, मी सही करतो."

मला हायसं वाटलं. ते चूक आहे हे कळत होतं, तरी हायसं वाटलं. इथे लपवण्यात अर्थ नाही. स्टँडवर सौ.साठी केळीचे वेफर्स घेतले आणि पारोळ्यापर्यंत मनात 'डॉ. भामरे' अशी सही करून पाहिली.

राहिलं एक वाक्य. बेबाबाईला विचारायला हवं, ते दाणे कुठे टाकले.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

बेबाबाई कामावर येत नाहीये, म्हणून मीच तिच्या घरी गेलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. एक खोली, पुढे पडवी. पडवीत वनाभाऊ बाजेवर पडले होते. मी आलेला पाहून उठायला लागले. त्यांचे डोळे पिवळे होते. पाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेलं. हातानेच उजवी कूस दाबून धरली होती.

माझ्या पहिल्या प्रकरणाचं सातवं पान. मी ते बाजेवर पाहत होतो आणि तरीही तोंडाने, ज्यासाठी आलो होतो तेच विचारलं. "बेबाबाई, ते सडके दाणे तुम्ही कुठे टाकलेत?"

बेबाबाईने मला पाट दिला. चहा ठेवला. "टाकाले ते काय माटी शे सर? अन्न शे ते. काही खराब नही व्हतं, जरासा रंग गयेल व्हता. धोयी लेऊ, भुंजी लेऊ, चटनी कूटू. कडू लागे, मंग मिरची जास्त टाकू."

"सगळे?"

"बठ्ठा. लाल सुतळीवाला बी आनि साधा बी. चार महिना चटनीले दाना इकत लिधा नही." तिला त्याचा अभिमान होता. मग वनाभाऊंकडे पाहून म्हणाली, "यास्ले लई आवडे. तुम्हीच त सांगं व्हतं, दाना ताकदले चांगला."

चुलीजवळ चटणीचा डबा होता. मी उठून तो उचलला. ती मागे आली. "सर, काय करी राहिनात?" मी बाहेर जाऊन चटणी नाल्यात ओतली. शेजारणी दारात आल्या. कुणाच्या घरी जाऊन त्यांचं अन्न फेकणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल. वनाभाऊंची म्हातारी आई, भागाबाई, आतून शिव्या द्यायला लागली आणि मला त्या बऱ्या वाटल्या.

मग सांगितलं. या वेळी कवकजन्य म्हटलं नाही. म्हटलं, त्या बुरशीत विष असतं. भाजून मरत नाही. काळीज खातं.

चहा उतू गेला तरी बेबाबाईने पाहिलं नाही. मग आवाज न चढवता विचारलं, "तुम्हले कव्हयपाईन माहीत शे सर?"

"सात वर्षं झाली."

"मंग मले का बरं नही सांगं?"

तोंडावर आलं होतं, रेडिओवर सांगितलं होतं. ते गिळलं.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

वनाभाऊंना रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगा निंबा बरोबर होता. रक्त घेतलं. डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, यकृत सुजलंय, पाणी भरलंय. हे दाण्यांमुळेच असं छातीठोक सांगता येत नाही. दारू असते, दुसरी कावीळ असते, शंभर कारणं असतात. वनाभाऊंनी कधी दारूला हात लावलेला नाही, हे निंबाने दोनदा सांगितलं.

'शंभर कारणं' हे शब्द मी घरी येईपर्यंत धरून बसलो होतो. सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "असतील. त्यातलं एक आपल्या मागच्या खोलीतून गेलं."

मंगळवार, ८ नोव्हेंबर

दिवाळी कशी गेली ते लिहीत नाही.

जळगाव. नेरकर सरांपुढे दोन कागद ठेवले. एकावर ऑक्टोबरचे खरे आकडे. दुसऱ्यावर त्यांनी मागितलेलं वाक्य: 'नाकारलेले सर्व दाणे धुळे येथील एका कुटुंबातील चार व्यक्तींनी चार महिने आहारात घेतले.'

त्यांनी ते वाचलं. तांबड्या पेनाने काट मारली आणि वर लिहिलं, 'जाळून नष्ट केले.' मग पेन माझ्याकडे सरकवलं.

"जाळले नाहीत सर."

"भामरे, हा प्रबंध आहे, पोलीस पंचनामा नाही. आणि हे आकडे घातले तर प्रबंधात उरलं काय?"

"बशी."

ते हसले नाहीत. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, निवृत्तीच्या तोंडावर मला कशात गुंतवू नका, सात वर्षं तुम्हाला जवळून पाहिलंय, तुमच्यासाठीच सांगतोय. सही केली नाही. मी प्रबंध पिशवीत घालून साडेतीनच्या गाडीने निघालो. एरंडोलच्या पुढे मला रडू आलं. ते वनाभाऊंसाठी होतं की सात वर्षांसाठी, हे मला ठरवता आलं नाही. बहुतेक सात वर्षांसाठी असावं. मी अजून तसाच माणूस आहे.

गुरुवार, १० नोव्हेंबर

वनाभाऊंच्या पोटातलं पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी सांगतो. माझं यकृतावरचं प्रकरण त्यांनी वाचायला मागून घेतलं. त्यांना हवंय की मी सगळं लेखी द्यावं: कुठले दाणे, किती दिवस, घरातल्या किती जणांनी खाल्ले. सगळ्यांचं रक्त तपासायचं म्हणतात. मी नेरकर सरांनी खोडलेलं वाक्य त्यात घातलं आणि मराठीत सविस्तर लिहिलं. माझं पहिलंच लिखाण, ज्याची कुणी वाट पाहतंय.

शनिवार, १२ नोव्हेंबर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बेबाबाई भेटली. डॉक्टरांना देण्याआधी तो कागद तिला वाचून दाखवावा असं वाटलं. या वेळी तरी. हळूहळू वाचला, तिच्या बोलीत सांगत सांगत. ती खाली बसून ऐकत होती. 'चार व्यक्तींनी' इथे आलो. बेबाबाई, वनाभाऊ, भागाबाई, निंबा. नावं लिहिली होती.

तिने हात वर केला.

"चार नही सर, पाच. सून नही मोजी तुम्ही. दसराले माहेर गयी ती, बाळंतपनले. तठलोंग आठेच आम्हना घरमा व्हती. तिले त चटनीनाच डोहाळा लागेल व्हतात."

मी चारवर काट मारून पाच केलं. मग सुनेचं नाव आणि तिच्या माहेरचं गाव विचारलं आणि खाली लिहिलं.